गाडी गेली, टोल राहिला

परवा रात्री 11 वाजून 42 मिनिटांनी मी आणेवाडीचा टोलनाका ओलांडला. पैसे कापल्याचा मेसेज आला तेव्हा मी कोथरूडच्या घरी सोफ्यावर, ताकभाताची वाटी मांडीवर घेऊन बसलो होतो. तासाभरानं मी तासवड्याला पोहोचलो. किणी तर झोपेतच पार केलं.

गाडी मी मार्चमध्ये विकली. तिला जाऊन आठ महिने झाले. फास्टॅग मात्र अजून माझ्याच खात्याला चिकटलेला आहे आणि गाडी कागदावर अजून माझीच आहे. मोबाइलवर गाडी विकायला मला दोन दिवस लागले. त्या गाडीतून माझं नाव उतरायला किती लागतील, हे आता ज्योतिषाला विचारायचं बाकी आहे.

पण विकतानाचा उत्साह काय सांगू! 2013 ची वॅगन आर. आधी धुतली, मग शेजारच्या आळीतल्या एका बंगल्यासमोर नेऊन उभी केली आणि संध्याकाळच्या उन्हात अकरा फोटो काढले. बंगला कुणाचा ते मला आजही माहीत नाही, पण त्यानं गाडीची किंमत वीसेक हजारांनी तरी वाढवली. मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात एक पोचा होता. सोसायटीच्या गेटचा खांब एकदा अचानक मध्ये आला होता. त्यामुळे अकराही फोटो उजवीकडून.

मग मजकूर. ‘सिंगल हँड. कंपनी मेंटेन. शोरूम कंडिशन. एक रुपयाचं काम नाही.’ यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. काम क्लचचं होतं आणि ते आठ हजारांचं होतं.

जाहिरात टाकली आणि दहा मिनिटांत मेसेजांचा पाऊस. निम्म्यांनी विचारलं, ‘गाडी आहे का?’ नसती तर जाहिरात कशाला दिली असती, असं लिहावंसं वाटलं, पण गिऱ्हाईक देव असतं. उरलेल्यांचा एकच मंत्र: ‘लास्ट किती?’ नमस्कार नाही, चमत्कार नाही. फर्स्ट किती ते वाचलेलंच नाही, थेट लास्ट. एकानं एक्सचेंजमध्ये बुलेट देऊ केली. एकानं गाडी सोडून तो बंगला विकायचा आहे का म्हणून विचारलं. तो माणूस मला जरा बरा वाटला.

आणि एक फौजी. फौजी येतोच. ओळखपत्राचा फोटो, गणवेशातला फोटो, ‘पोस्टिंग जैसलमेरला, गाडी न बघताच घेतो, पैसे आत्ता पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो द्यायला, हे एव्हाना शाळेतल्या पोरांना ठाऊक आहे. तरी देशासाठी जीव देणाऱ्याचा फोटो पाहिला की आपला अंगठा थरथरतोच, आणि याच थरथरीवर या भामट्यांचा धंदा चालतो. हाच फौजी गाडी विकायलाही निघतो. तेव्हा गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये असते, किंमत निम्मी असते आणि आधी फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे पाठवायचे असतात.

एका ऑनलाइन कंपनीकडेही विचारलं. गाडीचा नंबर टाकला, तर पडद्यावर आकडा आला: 2 लाख 10 हजार ‘पर्यंत’. या ‘पर्यंत’ शब्दाकडे माझं दुर्लक्ष झालं. कपड्यांच्या सेलची पाटी आपण इतकी वर्षं वाचतो, तरी शहाणपण येत नाही. मग घरी एक गोड बोलणारा मुलगा आला. रंगाची जाडी मोजायचं यंत्र त्यानं पत्र्यावर असं फिरवलं, जणू डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावतोय. प्रत्येक ठिकाणी थांबायचा, ‘हं’ म्हणायचा. त्याचा एकेक ‘हं’ मला चार-पाच हजारांना पडला. शेवटी 1 लाख 35. वर म्हणाला, “सर, ही ऑफर फक्त आज रात्रीपर्यंत.” पुन्हा ‘पर्यंत’.

अखेर गाडी एका एजंटानं 1 लाख 60 ला नेली. त्याचं पुढे येईलच.

गाडी गेल्यावर घरात पोकळी निर्माण झाली. ती मी वाचनानं भरून काढली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टॉर्क, ग्राउंड क्लिअरन्स, क्रॅश टेस्टचे तारे. चार आठवड्यांत मी अशा अवस्थेला पोहोचलो की सहा एअरबॅगा नसलेल्या गाडीतून जाणाऱ्या माणसाकडे मी कीव येऊन पाहू लागलो. स्वतः पीएमपीच्या बसमधून पाहत होतो, ती गोष्ट वेगळी.

सगळ्यात हातघाईची चर्चा मायलेजची. आम्ही पुणेकर रोज सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो, तिला कुणी वेताळ टेकडी म्हणतं, कुणी एआरएआयची टेकडी. गाडीच्या जाहिरातीत छापलेला मायलेजचा आकडा बहुधा याच एआरएआय नावाच्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रातून येतो. म्हणजे आकडा आमच्या पायाखालचा, पण त्याचा आणि आमच्या गाड्यांचा संबंध नाही. चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर होते. गाडी जागच्या जागी पळते. समोर रिक्षा नाही, खड्डा नाही, मधेच थांबून फोन घेणारा नाही. वीसेक मिनिटांचं ठरवून दिलेलं वेळापत्रक असतं: इतके सेकंद थांबा, इतका वेग घ्या, पुन्हा थांबा. या वेळापत्रकाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण आद्याक्षरं वाचा: एमआयडीसी. आता त्या कागदावरच्या एमआयडीसीत गाडी 22 चं मायलेज देते आणि संध्याकाळी सहा वाजता चाकणच्या एमआयडीसीतून बाहेर पडताना 11 चं, तर त्यात गाडीचा काय दोष? एमआयडीसी चुकली, एवढंच.

तर एवढा अभ्यास करून मी जुनी पण ‘मोठी’ गाडी बघायला निघालो. सौ. सोबत. गाडी हडपसरला, नंबर एमएच 08, रत्नागिरीचा. जाहिरातीत 42 हजार किलोमीटर, लेडीज ड्रिव्हन, नॉन-अॅक्सिडेंटल, एचएसआरपी लावलेली. (एचएसआरपी नंबरप्लेटची मुदत 2025 मध्ये सरकारनं इतक्या वेळा वाढवली की ज्यांनी ती पहिल्या मुदतीत लावली, त्यांना लोक आता भोळे समजतात.)

गाडी चकाचक. डॅशबोर्डवर इतकं पॉलिश की स्वतःचा चेहरा दिसावा. आत मोगऱ्याचा वास, आणि तोही एका नव्हे, तीन डब्यांचा. मी वाचलेलं सगळं बाहेर काढलं. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ते नवे निघाले, म्हणजे जुने झिजून गेले. ब्रेकच्या पेडलचं रबर टकलासारखं गुळगुळीत. 42 हजारांत रबर असं होत नाही; पण हल्लीचा किलोमीटरचा काटा काटा नसतोच, लॅपटॉप जोडून बदलता येणारा आकडा असतो. मालकाला विचारलं तर म्हणाला, “मॅडम ब्रेक फार दाबायच्या.” लेडीज ड्रिव्हनचा हा अर्थ मला नवा होता. सौं.नी माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं.

मग ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढला. नेहमी ओढतो तेवढा नाही; अगदी शेवटपर्यंत, गुंडाळी संपेपर्यंत. पट्ट्याचा जो भाग कुणीच कधी बाहेर काढत नाही, तिथे एक रेघ होती. तपकिरी, आडवी, कपात चहा वाळल्यावर राहते तशी. रेघेच्या अलीकडे पट्टा काळा, पलीकडे मातकट. नखानं खरवडली तर बारीक माती बोटाला आली.

“हे काय?”

“डिझाइन असेल.”

“अहो, चिपळूणची का गाडी?” सौं.नी विचारलं.

माणूस गप्प. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. माणसांनी घरं धुतली, दुकानं धुतली, गाड्याही धुतल्या. त्यांच्या दुःखाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण अशी एखादी गाडी पुढे एजंटाच्या हातून मोगऱ्याचे तीन डबे घेऊन हडपसरला उगवते, तेव्हा तिच्या जाहिरातीतला ‘नॉन-अॅक्सिडेंटल’ हा शब्द मात्र मला वंदनीय वाटतो. अपघात खरंच झाला नव्हता. गाडी उभी होती, पाणी आलं.

रिक्षात बसल्यावर सौ. म्हणाल्या, “लोक काय काय लपवतात!” मी हो म्हणालो. बंपरचा विषय काढला नाही.

आता एजंट. गाडी नेताना त्यानं माझ्याकडून फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर सह्या घेतल्या. खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी. “गिऱ्हाईक मिळालं की भरतो, साहेब.” यात त्याचं साधं गणित असतं. गाडी आधी त्याच्या नावावर झाली तर कागदावर एक मालक वाढतो, ‘सेकंड’चा ‘थर्ड ओनर’ होतो आणि भाव पडतो. म्हणून मधल्या काळात गाडी कुणाचीच नसते. म्हणजे माझीच असते. असं होऊ नये म्हणून 1 एप्रिल 2023 पासून नियम आला आहे: जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात आली की पोर्टलवर तसं कळवायचं. मी एजंटाला या नियमाबद्दल विचारलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी संस्कृतमध्ये बोललो.

आणि कायदा मला तरी कुठे सोडतो? मोटार वाहन कायद्याचं कलम 50 म्हणतं, गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं. विकणाऱ्यानं, म्हणजे मीच. 2018 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं तर स्पष्टच सांगितलंय. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरत गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच. पुढे अपघात झाला आणि नुकसानभरपाई बसली ती त्या पहिल्यावर. चालवणारा कोण, पैसे कुणी मोजले, याला महत्त्व नाही. रजिस्टरात नाव कुणाचं?

हे सगळं मी कधी वाचलं? सहाव्या महिन्यात. टॉर्क वाचण्यात आधीचे पाच गेले.

फास्टॅग तरी वेळेवर बंद करायचा, असं तुम्ही म्हणाल. करणार होतो. पण त्यात 340 रुपये शिल्लक होते. ते आधी संपू देत म्हटलं, आणि विसरलो की टॅग खात्याला जोडलेला आहे. शिल्लक संपली की तो आपणहून पुन्हा भरतो. 340 रुपये वाचवायला आतापर्यंत किती गेले, तो हिशेब मी केलेला नाही. सौं.नी केलाय.

एजंटाला फोन केला की तो म्हणतो, “साहेब, काम प्रोसेसमध्ये आहे.” गेल्या आठवड्यात मीच आरटीओत अर्ज देऊन आलो. आता तोही प्रोसेसमध्ये आहे.

दरम्यान काल ई-चलन आलं. भरधाव वेग, दंड माझ्या नावावर. सोबत फोटो, गाडी मागून. काचेवर नवी अक्षरं: ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. नंबरप्लेट पाहिली नाही, वेग पाहिला नाही, दंडाचा आकडाही नंतर पाहिला. आधी डावा कोपरा.

जाहिरातीच्या अकरा फोटोंत न दिसलेला पोचा सरकारी कॅमेऱ्यानं एका फोटोत टिपला होता.