यादीवाले भाऊसाहेब

मलकापूरच्या बाजारादिवशी बँकेतली रांग दाराबाहेर जाते, तेव्हा भाऊसाहेब संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत असतात. खुर्ची शाखेतलीच, पण निर्बंधांच्या यादीत रात्रीत कोण आलं, कोण गेलं हे बघितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. १९९९चा १२६७ क्रमांकाचा ठराव, दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याचं ५१अ कलम, रिझर्व्ह बँकेचा केवायसीचा आदेश, सगळं तोंडपाठ. यादी रोज तपासायची, हा तर नियमच. "सॉफ्टवेअर करतंय की ते," असं एखादा पोरगा म्हणाला की ते चष्म्यावरून बघतात. "आन् सॉफ्टवेअरला ताजी यादी कोण घालतंय? तुजा आजा?"

अशी एक असामी तालुक्याच्या प्रत्येक बँकेत असते. पण आमच्या भाऊसाहेबांना यादीतल्या चुकाही जिव्हारी लागतात. दाऊद इब्राहिमची नोंद २००३ची. जन्मगाव 'खेर, रत्नागिरी'. "खेडचं खेर केलंय बगा! घाट उतरला की कोकण, आन् न्यूयॉर्कात गावाचं नाव धड लिवता येत न्हाई." बिन लादेन मे २०११मध्ये मेला, नाव निघालं फेब्रुवारी २०१३मध्ये. "पावणेदोन वर्सं! आन् आपण उगंच तलाठ्याला नावं ठेवतो."

आंबा घाटातून मासळी आणणारा इब्राहिम खातं काढायला आला. पडद्यावर लाल खूण. भाऊसाहेबांनी पेन उघडलं.

"जन्मतारीख? आईचं नाव?"

"अवो, माज्या आईच्या हातचा शिरखुर्मा खाल्लाय न्हवं तुमी? दर ईदला?"

"खाल्लाय. झकास हुता. नाव सांग."

जन्मतारीख जुळेना, आईबापाची नावं जुळेनात. नुसत्या नावावरून माणूस अडवायचा नसतो, हे भाऊसाहेब जाणतात. त्यांनी शेऱ्यात 'केवळ नामसाधर्म्य' असं ठसठशीत लिहिलं, सही ठोकली आणि संध्याकाळसाठी बांगडे सांगून ठेवले.

थोरल्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा निमंत्रणाचं काम साहजिकच त्यांच्याकडं आलं. सकाळी वहिनी म्हणाल्या, "धाकट्या जाऊबाईंचं नाव काढा." दुपारी फोन झाला, नाव परत आत. रात्री मानपानावरून बिनसलं, जाऊबाई बाहेर, आणि सोबत दोन नणंदाही.

भाऊसाहेब खोडरबर घेऊन हताश बसले होते. म्हणाले, "सुरक्षा परिषद परवडली. ती निदान नाव घालताना कारण तरी सांगती. हितं परिपत्रक न्हाई, शेरा न्हाई, आन् अपील तर कुणाकडं करायचं?"