निर्मातेसाहेब, दंडाचे हजार रुपये आगाऊच भरून टाका!

प्रति,
मा. निर्माते,
नवरा-बायकोच्या भांडणांचं टीव्हीवरचं न्यायालय,
मुंबई



घटस्फोटाच्या उंबरठ्यावर आलेल्या जोडप्यांना बोलावून, न्यायाधीशाच्या खुर्चीसमोर उभं करून, अख्ख्या देशादेखत भांडायला लावणाऱ्या आपल्या कार्यक्रमाबद्दल आधी मनापासून आभार. आमच्याकडे सेव-उसळीच्या ताटल्या हातात घेऊन सगळं घर तो बघतं. स्वतःच्या घरातली कुरबुर विसरायला दुसऱ्याच्या घरातल्या कुरबुरीसारखं औषध नाही.

मी राहतो कोयलीला, बडोद्याला खेटून. इथली रिफायनरी 1965 पासून कच्चं तेल तापवून त्यातून पेट्रोल वेगळं, रॉकेल वेगळं, डिझेल वेगळं काढते आहे. तेव्हा एकत्र नांदणाऱ्यांना विभक्त कसं करावं, यावर दोन शब्द बोलायचा हक्क कोयलीकरांना आहे, असं मी धरून चालतो. आमच्याकडे हे सगळं बंद मनोऱ्यात चालतं. हलकं ते वर चढतं, जड ते खाली राहतं आणि ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या नळाने बाहेर पडतं. झाकण उघडून ‘या, बघा’ केलं, तर तेल वेगळं होत नाही, पेटतं. आपण झाकण उघडूनच काम करता, आणि पेटलेलं टिपायला चार कॅमेरे लावता. धंद्याधंद्यातला फरक, दुसरं काय!

परवाच्या भागात त्या बाईंनी तोंड उघडण्याआधीच कॅमेरा त्यांच्या हातावर गेला. अंगठ्याने मंगळसूत्राची वाटी त्या चोळत होत्या. आपल्या संगीतकाराने तेवढ्यावर तीनदा ‘ढॅण्’ वाजवलं. मग नवऱ्याचा चेहरा, मग सासूबाईंचा, मग प्रेक्षकांतल्या एका अनोळखी मावशींचा, ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. मग साबणाची जाहिरात. जाहिरात संपल्यावर बाईंना बोलायला मिळालं, तेव्हा त्यांना एवढंच सांगायचं होतं की माहेरून आणलेले दागिने परत हवेत. स्त्रीधनाची साधी मागणी. तीत ‘ढॅण्’ वाजवण्याजोगं काही नसल्याने ती दहा सेकंदांत आटोपली.

आपल्या न्यायाधीशांच्या हातातला लाकडी हातोडाही फार शोभतो. भारतातल्या न्यायालयांत तो कोणी वापरत नाही, ही कोर्टांचीच उणीव म्हणायची. आपले वकीलही बाह्या सरसावून जोरदार बोलतात. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने मात्र वकील लावण्याचा हक्कच पक्षकाराला दिलेला नाही. न्यायालयाला गरज वाटली तरच वकील. तिथे आधी समुपदेशकाची खोली असते, दोन खुर्च्या असतात, ‘पुढची तारीख’ असते. पाहायला कंटाळवाणं, पण संसार मोडण्याचं काम कंटाळवाण्या खोलीतच बरं होतं.

आता मुद्द्याचं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 22 सांगतं की या कायद्याखालची सुनावणी बंद दाराआडच व्हायची आणि तिच्यातला मजकूर कोणी छापायचा किंवा प्रसिद्ध करायचा नाही. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेवढा परवानगीने छापता येतो. कलम मोडणाऱ्याला दंड एक हजार रुपयांपर्यंत. आपल्या सेटवर यापेक्षा जास्त खर्च चहा-बिस्किटांवर होत असेल. तेव्हा प्रत्येक भागाचे हजार रुपये आगाऊच भरून टाका आणि ‘प्रायोजक’ म्हणून कलम 22 चं नाव पडद्यावर झळकवा.

आपले वकील म्हणतील, ‘आमचं कोर्ट हे कोर्टच नाही, मग कलम लागू कसं?’ अगदी मान्य. पण मग झगा, पिंजरा, ‘ऑर्डर ऑर्डर’ कशासाठी? कायद्यापुढे खोटं कोर्ट आणि प्रेक्षकांपुढे खरं, असा दुहेरी संसार आपणच मांडला आहे. त्याला काडीमोड कोण देणार?

हा प्रकार आपण शोधून काढला, असं मात्र कोणाला सांगू नका. अमेरिकेत ‘डिव्होर्स कोर्ट’ 1957 साली सुरू झालं. सुरुवातीला त्यात नवरा-बायकोचं काम नट-नट्या करायच्या. 1999 पासून खरी जोडपी आली. आपल्याकडे 2008 साली स्टार प्लसने किरण बेदींना बसवून ‘आप की कचहरी’ मांडली आणि घरगुती तंटे तिथेही आले. नट-नट्यांचा जमाना बरा होता. भांडण संपल्यावर त्यांना मेकअप उतरवून घरी जाता यायचं.

आपण म्हणाल, पूर्वी पंचही चारचौघांतच काडी मोडायचे. मोडायचे. पण ते पंच गावातलेच. दुसऱ्या दिवशी त्याच बाईच्या बापासमोरून त्यांना जावं लागे. निकाल चुकला तर पाणवठ्यावर ऐकावं लागे. आपले पंच पुढच्या भागात दुसरी साडी नेसून दुसऱ्या जोडप्यापुढे बसतात.

आणि आपण म्हणाल, गाजावाजा झाल्याने बायकांना न्याय मिळतो. त्यासाठी रखमाबाईंचं नाव घ्याल. जरूर घ्या. बालपणी झालेल्या लग्नातल्या नवऱ्याने 1884 साली मुंबईत त्यांच्यावर दावा लावला. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. खटला देशभर आणि इंग्लंडातही गाजला. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि मग त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, आमच्या शेजारच्या सुरतेत त्यांनी बायकांवर उपचार केले. पण वर्तमानपत्रात बालविवाहावर त्यांनी पत्रं लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने. नाव झाकलं, प्रश्न उघडा ठेवला. आपण प्रश्न झाकता आणि नाव, गाव, चेहरा उघडा ठेवता.

आमच्या सयाजीराव महाराजांनीही बडोदा संस्थानात 1931 साली हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला. देशाचा कायदा व्हायला त्यानंतर 24 वर्षं लागली. महाराजांनी तो हक्क दिला, तमाशाचं तिकीट छापलं नाही.

आता एकच विनंती. परस्पर संमतीच्या घटस्फोटात कायदा जोडप्याला सहा महिने विचाराला देतो. दोघांची घुसमट फारच झाली असेल, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलं. पण मन बदललं तर हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. हाच नियम आपल्या सेटवर आणा. कॅमेऱ्यासमोर रडून झाल्यावर सहा महिने ती टेप कपाटात ठेवा. मग दोघांना वेगवेगळं बोलावून, सही घेणाऱ्या कारकुनाविना, दाखवा आणि विचारा, ‘हे लोकांना दाखवू का?’ एकानेही नाही म्हटलं, तर टेप त्यांच्या हवाली करा. आणि मूल असेल, तर विचारूच नका. त्या मुलाने दहा वर्षांनी फोनवर आईचं नाव टाकलं, तर पहिलं काय समोर यावं, हे ठरवायचा हक्क आई-बापांनाही नाही, आपल्याला तर नाहीच.

एवढी अट पाळता येत नसेल, तर कार्यक्रमाच्या नावातलं ‘न्यायालय’ तेवढं काढून टाका. उरेल त्याला लोक जे म्हणायचं ते म्हणतील. निदान न्यायाची बदनामी टळेल.



आपला,
कोयलीचा एक प्रेक्षक