लपवून ठेवायचे स्वराज्य

आपण आपला फोन ‘मुक्त’ केला आहे, असे आपण होऊन सांगणाऱ्या गृहस्थांचा एक वर्ग हल्ली प्रत्येक कचेरीत, प्रत्येक सोसायटीत आणि दुर्दैवाने लग्नाच्या प्रत्येक पंगतीत आढळतो. बूटलोडरचे कुलूप ज्याने उघडले, कंपनीची प्रणाली उतरवून तिच्या जागी कोणा अनामिक परोपकाऱ्याने रचलेली प्रणाली ज्याने चढवली आणि ‘रूट’ करून यंत्राच्या समस्त दफ्तराचे कुलमुखत्यारपत्र ज्याने स्वतःच्या नावे करून घेतले, त्या पुरुषाची मुद्रा मठ्ठा वाढला जाईपर्यंत तेजःपुंज असते. अशा वेळी त्याला फक्त इतकेच विचारावे, की आहेराची रक्कम फोनवरूनच पाठवणार ना? ते तेज तत्क्षणी मावळते, कारण बँकेचे ॲप त्याच्या फोनवर उघडत नाही.

ज्याचा स्वतःच्या यंत्रावर पूर्ण अखत्यार आहे तो मनुष्य त्याच कारणास्तव संशयित होय, असा बँकेचा दंडक असल्यामुळे आमच्या या सार्वभौम नरेशाला सिंहासनावर बसताच पहिले राजकार्य करावे लागते ते आपले सार्वभौमत्व लपवण्याचे.

हा लपवालपवीचा कारभार मोठा रसाळ असतो. ज्या ॲपने ही कुलमुखत्यारी मिळवून दिली, त्याचे नाव प्रथम बदलून काही निरुपद्रवी ठेवावे लागते, कारण बँकेचे ॲप फोनात इतर कोण कोण राहते याची चौकशी करते. नंतर बँकेचे नाव अशा एका यादीत चढवावे लागते, की यादीतल्या मंडळींसमोर घरात कोणी मुखत्यार असल्याची वाच्यताही होऊ नये. एवढ्याने भागत नाही. कारण बँक फोनच्या शब्दावर विसंबत नाही, ती वरिष्ठ दरबाराकडून त्याच्या अस्सलपणाचा दाखला मागवते. मग या स्वतंत्र फोनाला तोतया व्हावे लागते: आपण आपण नसून भलत्याच एका निर्मात्याचा, कित्येक वर्षांपूर्वीचा, शालीन आणि अस्पर्श फोन आहोत अशी उसनी कागदपत्रे तो दरबारात सादर करतो. तीच कागदपत्रे हजारो तोतये एकाच वेळी सादर करू लागले म्हणजे दरबाराच्याही ध्यानी येते, कागदपत्रे रद्दबातल होतात, आणि मालक पुन्हा मध्यरात्री नव्या बापाच्या शोधार्थ बाहेर पडतो. तो सापडेपर्यंत बँकेच्या ॲपची नवी आवृत्ती येते व ती आजवर न तपासलेल्या एखाद्या कोनाड्यात डोकावू लागते. विजेचे बिल भरण्याचा अखेरचा दिवस नेमका त्याच सुमारास उजाडतो आणि सार्वभौम नरेश पत्नीच्या सामान्य, परतंत्र, कंपनीच्या ताब्यातील फोनावरून ते भरतो. बरे, ही सर्व सोंगे वठवून देणारी साधने तरी कोणाची? कंपनी आपल्यावर पाळत ठेवते म्हणून ज्याने तिला उंबऱ्याबाहेर काढले, त्यानेच तिजोरीच्या किल्ल्या अशा व्यक्तीच्या स्वाधीन केलेल्या असतात, की जिचे खरे नाव, गाव आणि वय यांपैकी एकही गोष्ट त्याला ठाऊक नाही.

इतर तोट्यांची कैफियत थोडक्यात आटोपतो. कुलूप उघडताच फोनातील सारे छायाचित्रभांडार साफ होते. काही निर्माते तर कुलूप उघडण्याची दरखास्त केल्यावर १६८ तास थांबायला लावतात. काही फोनांत अनधिकृत प्रणाली चढताच आतला एक सूक्ष्म विद्युत्-बंध कायमचा जळतो, आणि पुढे प्रायश्चित्त म्हणून मूळ प्रणाली पुन्हा बसवली तरी तो कलंक धुऊन निघत नाही. विकत घेतलेला चित्रपट १०८० रेषांऐवजी ४८० रेषांत, धुक्यात घडल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्याचे भिंग तेच असूनही चित्रे उतरतात ती मलूल, कारण त्यांना उजळवणारी कंपनीची गुप्त करामत प्रणालीबरोबरच गेलेली असते. नव्या प्रणालीत व्होएलटीई चालले नाही, तर केवळ ४जीवर चालणाऱ्या सेवेत फोन बाकी सर्व करतो, फक्त फोन लागत नाही. प्रणाली चढवण्याचे काम चुकून अर्ध्यावर तुटले तर सबंध यंत्राची निर्जीव वीट होऊ शकते. आणि दाद मागावी तर प्रणालीकर्त्याने आरंभीच बजावलेले असते, की गजर न वाजल्यामुळे नोकरी गेली किंवा अणुयुद्ध पेटले तरी जबाबदारी त्याची नाही; शिवाय ‘काय चालत नाही?’ या सदराखाली ‘ते तुम्हीच सांगा’ एवढाच मजकूर असतो. इतक्या स्वच्छ मनाचा जाहीरनामा एखाद्या निवडणुकीत वाचावयास मिळाला असता, तर मी सहकुटुंब मतदान केले असते.

परंतु हसून झाल्यावर माझे पित्त खवळते ते या बिचाऱ्यावर नव्हे. रूट केलेल्या फोनात चोर शिरला तर त्याला सगळी दालने उघडी सापडतात, हे बँकेचे म्हणणे मला मान्य आहे. मग ज्या फोनाला निर्मात्याने दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडले, ज्याच्या भिंतीला पडलेली भगदाडे त्यानंतर कोणी बुजवली नाहीत, त्या फोनाला हीच बँक केवळ तो कुलूपबंद आहे म्हणून लवून मुजरा कसा करते? आणि त्याच जुन्या यंत्रावर गेल्या महिन्याच्या दुरुस्त्यांसह नवी प्रणाली चढवून ज्याने त्याला कचऱ्यातून वाचवले, त्याला मात्र दाराबाहेर उभे करते! माझ्या अस्सल, निष्कलंक, शिक्कामोर्तब फोनात मी कधी न मागितलेला एक पत्त्यांचा खेळ, दोन खरेदीची दुकाने आणि एक बातम्यांचा भोंगा यांनी वतन थाटले आहे. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मला नाही. पैसे माझे, खिसा माझा, आणि कुळकायदा मात्र त्या खेळाला लागू! एवढ्या उपऱ्यांना घालवून देण्यासाठी ज्याला दफ्तराची कुलमुखत्यारी, तोतयाची कागदपत्रे आणि अणुयुद्धाची जोखीम पत्करावी लागते, त्याला हौशी मूर्ख म्हणणे सोपे आहे. त्याच्यावर ही पाळी आणणाऱ्यांसाठी मात्र सभ्य विशेषण मला सापडलेले नाही.

तूर्त वाचकांना सल्ला इतकाच, की ज्या फोनावर पगार जमा झाल्याचा संदेश येतो त्याला हात लावू नये. हौस अनावर झाली तर निवृत्त फोन घ्यावा, आतल्या ऐवजाची नक्कल आधी अन्यत्र करून ठेवावी आणि मगच कुलूप उघडावे. निर्मात्यांनी विकलेल्या वस्तूवरचा आपला ताबा सोडावा आणि बँकांनी कुलपाबरोबर शेवटच्या दुरुस्तीची तारीखही पाहावी. ती तारीख प्रत्येक अँड्रॉइड फोनाच्या सेटिंग्जमध्ये लिहिलेली असते, आणि ती वाचायला कोणत्याही मुखत्यारपत्राची गरज लागत नाही.