अडीच इंचांची मर्दुमकी

मला चाकू घ्यायचा आहे. कांदे-वांगी चिरायला घरात विळी आहे, सुरी आहे, आणि त्या चालवणारे हात माझ्यापेक्षा तयार आहेत. मला हवा तो घडीचा, लाल मुठीचा, स्वित्झर्लंडचा. त्याच्या पोटात पात्याशिवाय कात्री, करवत, पेचकस, टोच्या, चिमटा, दातकोरणं आणि बाटलीचं बूच उपटायचा पिळाचा आकडा, एवढी मंडळी दुमडून बसलेली असतात. किंमत साडेतीन हजारांच्या आगेमागे. आकडा घरात नुसता उच्चारला, तर आतून आवाज आला, "तेवढ्यात सहा महिन्याची तूरडाळ येते." आमच्या घरी प्रत्येक रकमेचा हिशेब शेवटी तूरडाळीतच होतो. माझ्या पीएफचाही झालेला आहे.

"अवो, पन कायले पाह्यजे तुमाले थो चाकू?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरही मला ठाऊक आहे, पण ते बायकोला सांगण्याजोगं नाही. त्या चाकूबरोबर मला एक वाक्य मिळणार आहे. चारचौघांत काहीतरी अडलेलं असावं, कुणाच्या चष्म्याचा स्क्रू गळालेला असावा, कुणाच्या पोत्याची सुतळी सुटत नसावी, पुरुषमंडळी कमरेवर हात ठेवून "आता काय करावं बाप्पा" करत उभी असावीत, आणि मी मागून शांतपणे म्हणावं, "थांबा, माझ्याजवळ आहे." एवढंच. या वाक्याची मी न्हाणीत तालीम करतो. "थांबा" म्हटल्यावर किती थांबायचं, हेही ठरलेलं आहे.

हे वेड लावलं आमच्या साडभाऊंनी. ते अकोल्याचे. सासुरवाडीच्या शेतात नवसाचे रोडगे होते. गोवऱ्या पेटल्या, कणीक मळली, वांग्यांचा ढीग ओतला, आणि चाकू घरीच राहिल्याचं लक्षात आलं. तेव्हा साडभाऊंनी खिशातून ती लाल वस्तू काढली. खट्. सगळं रान गप्प झालं. पुढे काय झालं हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. त्यांनी मोजून तीन वांगी चिरली. बाकीची बायकांनी शेजारच्या शेतातून विळी आणून चिरली. पण घरी जाताना सासरे म्हणाले, "जवाई कसा तयारीचा पाह्यजे!" आणि बघितलं माझ्याकडे.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण अकोलेकराजवळ आहे आणि अमरावतीकराजवळ नाही, ही गोष्ट माझ्या मनाला लागते. आधीच पंजाबराव देशमुख आमच्या जिल्ह्यातल्या पापळचे, आणि १९६९ साली त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ झालं ते अकोल्यात. माणूस आमचा, गेटवरची कमान त्यांची. त्यात आता चाकूही त्यांचाच.

मग मी अभ्यासाला लागलो. पैसे खर्च करायची छाती नसली की माणूस अभ्यास करतो. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८८४ साली स्वित्झर्लंडच्या इबाख गावी चाकूचं दुकान टाकलं. पुढे तिथल्या फौजेने ठरवलं की प्रत्येक शिपायाजवळ एक घडीचा चाकू हवा, म्हणजे डबाही उघडेल आणि बंदुकीचा पेचही फिरेल. पण एवढे चाकू करायची ताकद तेव्हा देशात नव्हती, म्हणून १८९१ सालचा पहिला माल जर्मनीतल्या झोलिंगनहून आणावा लागला. हे वाचून मला फार बरं वाटलं. जगप्रसिद्ध स्विस चाकूची पहिली खेप परदेशी होती. १८९७ साली एल्सनरने अधिकाऱ्यांसाठी नाजूक चाकू काढला, त्यात बूच काढायचा आकडा घातला. शिपायांच्या चाकूत तो नव्हता. म्हणजे साहेबांची गरज सरकारला नाही तरी दुकानदाराला बरोबर कळली होती. १९०९ साली त्याची आई वारली, तेव्हा त्याने तिचं व्हिक्टोरिया हे नाव मालावर घातलं. आपण आईचं नाव बंगल्याला देतो आणि बंगला भाड्याने लावतो.

तो बूच काढायचा आकडा मात्र मला छळतो. वऱ्हाडात बूच असतं कशाला? आमच्याकडच्या पिणाऱ्यांच्या बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, आणि न पिणाऱ्यांच्या सोड्याच्या बाटलीत गोटी. साडभाऊ म्हणतात, त्याने गाठ सुटते. कोणती गाठ, ते सांगत नाहीत.

खिशातल्या चाकूवर ज्यांचं खरोखर पोट आहे अशी माणसं आमच्या जिल्ह्यातच आहेत. वरुडजवळ शेंदुरजना घाटला संत्र्याच्या रोपवाटिका आहेत. तिथे एकाला मी डोळे बांधताना पाहिलं. जंबेरीच्या कोवळ्या खोडावर सालीत एक उभा काप, एक आडवा. पात्याच्या टोकाने साल उचलायची, संत्र्याचा डोळा आत सरकवायचा, वरून पट्टी गुंडाळायची, की पुढचं रोप. माणूस कमरेत वाकलेला, वर बघायला फुरसत नाही. चाकूला पातं एकच, आणि तेही घासून घासून अर्धं राहिलेलं. मी म्हटलं, "दादा, चाकू कोणत्या कंपनीचा?" तो म्हणाला, "धार पाहा लागते जी, कंपनीले काय चाटता?" तिथे बराच वेळ उभा होतो. त्या वाफ्यातली झाडं फळावर येतील तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात असतील.

एवढं पाहूनही माझा हट्ट उतरला नाही, हे विशेष. उलट साक्षात चाकूच घरी चालत आला.

त्याचं असं झालं. १६ एप्रिल २०२५ पासून आमच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. अकोल्याच्या शिवणीला तशी सोय अजून नाही, त्यामुळे साडभाऊंना विमानासाठी अमरावतीला यावं लागलं. हा क्षण मी बऱ्यापैकी उपभोगला. अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात विक्रम झाला, तो जणू त्यांनीच फावड्याने केला अशा थाटात ते दर वेळी सांगतात, तसं याही वेळी सांगितलं. मी म्हटलं, "हो, अमरावतीला लवकर येता यावं म्हणूनच केला तो." ते काही बोलले नाहीत. खिशातून चाकू काढून माझ्या हातावर ठेवला. "इमानात नेऊ देत नाई. आलो का घेतो. सांभाळून."

ते फाटकाबाहेर गेले आणि मी पँट बदलली. जुन्या पँटीचे खिसे उथळ होते.

तो चाकू खिशात घालून मी राजकमल चौकात हिंडलो, जयस्तंभाला वळसा घातला, इतवाऱ्यात विनाकारण गेलो. नजर माणसांवर, हात खिशात. बायकोने निघताना बजावलं होतं, "उद्या पेपरात नाव येईन, चाकूसह इसम ताब्यात म्हनून." मी तिला सांगितलं की सरकारी नियमांना काळजी आहे ती नऊ इंचांपेक्षा लांब पात्यांची, आपलं अडीच इंचांचं. ती म्हणाली, "एवढुसंच? मंग तं कोनी पकडनारबी नाई."

आणि काय सांगू, अख्ख्या शहरात कुणाचं काही अडलेलं नव्हतं. फळवाल्याजवळ त्याची सुरी होती. पार्सलं लोक दातांनी फाडत होते. अमरावतीकरांची दातांवर अपार श्रद्धा आहे. पोत्याची सुतळी तर हमालाने अशी एका झटक्यात ओढली की मला टाळी वाजवावीशी वाटली. शेवटी गांधी चौकाजवळ एक गृहस्थ स्कूटर उभी करून डोकं खाजवत होते. मी जवळजवळ धावलोच. "थांबा, माझ्याजवळ आहे!"

त्यांचा चेहरा उजळला. "पेट्रोल?"

म्हटलं बाहेर नाही तर नाही, घरात तरी पराक्रम करावा. मिक्सर बंद होता. उलटा केला, तर तळाच्या पेचांना तीन कोनी खाच. चाकूतलं एकही अवजार त्यात बसेना. दुकानात नेला, तिथला पोरगा म्हणाला, "काका, हे खोलाचं नसते. नवीन घ्या." इथे माझं डोकं फिरलं, अजून फिरलेलं आहे. आमच्या वडिलांचा रेडिओ चार आण्याच्या नाण्याने उघडायचा. ते दर रविवारी उघडायचे, फुंकर मारायचे, बंद करायचे. बिघडला नसला तरी उघडायचे. घरातली वस्तू आतून कशी आहे हे मालकाला ठाऊक असे. आता मी पैसे देऊन वस्तू आणतो, ती माझ्या घरात राहते, माझी वीज खाते, आणि तिच्या पोटात काय आहे ते मला कळू नये म्हणून कुणीतरी मुद्दाम तीन कोनी पेच घडवतो. फोनला तर पेचही दिसत नाही. त्याची बॅटरी बदलायची तर आधी माफी मागावी लागते. अशा जगात खिशात पेचकस ठेवणं म्हणजे कुलूपच नसलेल्या घराची किल्ली कमरेला लावणं.

उघडता येईल असं एकच यंत्र आमच्याकडे उरलं आहे, ते म्हणजे कूलर. वऱ्हाडातल्या पुरुषाची उरलीसुरली प्रतिष्ठा त्या पत्र्याच्या खोक्यात आहे. मार्च संपता संपता तो गच्चीवर चढतो, जुन्या ताट्या काढतो, नवं गवत भरतो, पंपाला दोन शिव्या देतो. देवाने ऐकलं. साडभाऊ मुंबईत असतानाच, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा असताना, आमच्या कूलरच्या एका ताटीला पाणी येईनासं झालं.

"थांबा," मी म्हणालो. ठरल्याप्रमाणे थांबलो. "माझ्याजवळ आहे."

पेचकसाने बाजू खोलली. पंप काढला. टोच्याने काय टोचायचं ते कळेना म्हणून पंपालाच जरा टोचलं. करवत निष्कारण उघडली, ती मिटताना नख गेलं. घामाच्या धारा लागल्या, स्क्रू बादलीत पडले. बायको आली, थोडा वेळ बघत राहिली, हातातल्या बांगडीला लटकणारी सेफ्टीपिन काढली, वरच्या नळीच्या भोकांत अडकलेला क्षार एकेक करून टोकरला, आणि पिन परत बांगडीला लावून कणीक मळायला गेली. पाणी सुरू झालं.

आता या सेफ्टीपिनेबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या. हे शस्त्र १८४९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने काढलं. त्याच्यावर पंधरा डॉलरचं देणं होतं, ते फेडायला त्याने तारेचा तुकडा वाकवत बसून ही युक्ती शोधली आणि तिचा हक्क चारशे डॉलरला विकून मोकळा झाला. पुढचे सगळे पैसे दुसऱ्यांनी कमावले. हा हंट आमच्या नात्यातला शोभतो. पण त्या बिचाऱ्याला तरी कुठे कल्पना असेल की त्याच्या पिनेचं खरं विद्यापीठ वऱ्हाडातल्या बाईच्या मनगटावर निघेल! तिने पदर बसतो, पायजम्याचा नाडा ओवला जातो, तुटलेल्या चपलेचा अंगठा घरापर्यंत चालतो. पायातला काटा निघतो, गॅसच्या बर्नरचं भोक मोकळं होतं, फोनचं सिम बाहेर येतं, पोट्ट्याच्या शर्टाची बटणं उरत नाहीत तेव्हा तीच बटण होते. प्रवासात कानातलं हरवलं तर भोक बुजू नये म्हणून एका मावशींना मी चक्क कानात पिन घालून बसलेलं पाहिलंय. दहा रुपयांत पानभर येतात. आणि मला सगळ्यात गंमत वाटली ती ही, की स्विस चाकूच्या काही मॉडेलांत मुठीच्या कडेला एक टाचणीही खोचलेली असते. सरळ टाचणी. तिला मिटायचं कसं, हे मात्र त्यांना आमच्या घरी येऊन शिकावं लागेल.

लेकीचं लग्न अकोल्याला होतं. मंडपात जो तो हिच्याकडेच यायचा. कुणाचा शेला, कुणाच्या निऱ्या, वरमाईचा गजरा, नवरदेवाच्या फेट्याचं टोक. ही बांगडीतून पिन काढायची, द्यायची, पुढे व्हायची. परवा अल्बम चाळताना दिसलं, दुपारनंतरच्या प्रत्येक फोटोत ही खांद्यावर पदर हाताने धरून उभी आहे. इतकी वर्षं मी समजत होतो, फोटोसाठी तशी उभी राहते. तिला विचारलं तर म्हणाली, "एकबी उरली नोती." आणि तूर निवडत राहिली.

साडभाऊ परत आले. आल्या आल्या चहाच्या आधी चाकू मागितला, खिडकीजवळ नेऊन एकेक पातं उघडून पाहिलं. टोच्यावर कूलरचं हिरवं गवत सापडलं.

"याचं काय केलं तुमी?"

"वापरला," मी म्हणालो.

त्यांना ते सहन झालं नाही. रुमालाने पुसत पुसत म्हणाले, "मी तं तीन वांगे सोडून कायलेच वापरला नाई आजलोक." आणि निघून गेले. त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदाच जवळीक वाटली.

रात्री मी पुन्हा फोनवर किंमत बघत बसलो होतो. कात्रीवाला घ्यावा की पक्कडवाला? कारण पक्कडवालेही असतात. टिम लेदरमन नावाच्या अमेरिकनाला १९७५ साली युरोपात मोडकी गाडी हाकताना खिशातल्या चाकूत पक्कड हवी होती असं सुचलं, आणि माल बाजारात आला तो १९८३ साली. आठ वर्षं! त्यामानाने माझा निर्णय घाईचाच म्हणायचा.

बायकोने मागून डोकावलं. "घेऊन टाका एकडाव. नाईतं हे वर्षभर चालन."

मी चमकलो. "खरंच?"

"खरंच. पन घेतला का मंग न्हानीतला नळ गळून राह्यला थो पयले. मंग मागच्या दाराची कडी. शिलाई मशीनचा पट्टा. आईच्या पलंगाचा पाय. कूलरच्या तीनी ताट्या दर आठ दिवसानं. आता तुमच्याजवळ हाय म्हटल्यावर लोकाले कायले बलवाचं?"

मी यादी ऐकली. फोन पालथा ठेवला. दिवाळीत या कंपन्या चांगली सूट देतात असं ऐकून आहे. आत्ता मे चालू आहे.