यंदा आमच्याकडे दहावी आहे!

ऐकलंत का, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी केबल तोडली! बिल थकलं म्हणून नव्हे हो. त्यांच्याकडे यंदा दहावी आहे. शाळा उघडणार जूनच्या मध्यावर, बोर्डाचा पेपर त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, आणि केबल तुटली कधी? एप्रिलमध्ये! ऐन आयपीएलमध्ये! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण इथे नवरा बिचारा गॅलरीत उभं राहून मोबाइलवर चोरून स्कोअर बघतोय. बाशिंग वहिनींनी बांधलंय.

आणि हे सांगायची तऱ्हा तरी बघा. ‘मुलगा दहावीत गेला’ असं हल्ली कुणी म्हणत नाही. ‘आमच्याकडे यंदा दहावी आहे’ म्हणायचं, आमच्याकडे गौरी बसतात म्हणावं त्या थाटात. मग सोवळंही तसंच कडक. पाहुणे बंद. घराला रंग नाही, वासानं डोकं दुखतं. गावच्या गणपतीला यंदा फक्त बाबा जाणार, तेही आरती झाली की रात्रीच्या एसटीनं परत. सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नात आईनं अक्षता टाकल्या आणि जिलबीकडे न बघता रिक्षात बसली. आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चनंतर. शी, काय ही माणसं, असं म्हणायला आपण तोंड उघडणार, तोच कळतं की मार्चचा मुहूर्त आजीनंच काढलाय. ‘माझ्या डोळ्यात थेंब कोण घालणार? सगळ्यांना दहावी नाही का!’

नववीचा शेवटचा पेपर झाला की मधे एक रविवार जातो न जातो, सोमवारी व्हेकेशन बॅच सुरू. ‘व्हेकेशन’ हा शब्द तिथे कशासाठी ठेवलाय कुणास ठाऊक. मामा आंब्याची पेटी घेऊन आला तर दारातून ‘ठेव तिथे’ म्हणून पेटी आत आणि मामा बाहेर. विदर्भात उन्हाचा तडाखा म्हणून सरकार शाळा आठवडाभर उशिरा उघडतं. चांगलं आहे. पण क्लासला ऊन लागतं का? नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि कार्टी तोंडाला दुपट्टे गुंडाळून स्कूटीवरून भूमितीला निघालेली असतात.

केंद्र सरकारनं जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 16 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका, दहावीची परीक्षा होऊ द्या, मगच घ्या, असं त्यात चक्क लिहिलंय. फार योग्य निर्णय! आपल्या सगळ्यांना पटला. वाचला कुठे? क्लासच्या जिन्यात, मुलाची बॅच सुटायची वाट बघताना, मोबाइलवर.

आणि क्लासवाल्यांची पालकसभा? ती तर चुकवूच नये. एसी हॉल, दारात गुलाबपाणी, बशीत समोसा आणि वेफर्स. भिंतभर गेल्या वर्षीच्या ‘आमच्या’ गुणवंतांचे फोटो. त्यातला एक चेहरा समोरच्या क्लासच्या फ्लेक्सवरही हसत असतो, पण अशा मंगलप्रसंगी कोण बोलणार? सर माइक हातात घेतात आणि पहिल्याच वाक्याला घाम फोडतात: ‘पालकहो, तुम्हाला उशीर झालेला आहे.’ एप्रिलमध्ये! मग मार्कांचं गणित सुरू होतं. भाषेला लेखी 80, अंतर्गत 20. विज्ञानाचे दोन पेपर 40-40 चे. विषय सहा, मार्क 600, पण टक्केवारी निघणार सर्वोत्तम पाच विषयांवर, म्हणजे 500 वर. पासिंगला 35 लागतात हे सर सांगत नाहीत, त्या हॉलमध्ये ते अपशब्दात जमा आहे. आणि बाबालोक हे सगळं वहीत उतरवून घेताहेत! ज्यांना स्वतःच्या पीएफमध्ये किती साठलेत ते दिवाळीपर्यंत ठाऊक नसतं, ते विचारताहेत, ‘सर, तोंडी परीक्षेचे अर्धे मार्क गेले तर बेस्ट फाइव्हमध्ये भरून निघतील का?’

खरी धमाल चित्रकलेची. इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला 7 मार्क वाढीव, बी ला 5, सी ला 3. हे कळल्यापासून घराघरांतून कलेचा काय पुळका आलाय! कालपर्यंत भिंतीवर रेघ मारली म्हणून फटका खाणारं पोर आज स्थिरचित्र काढतंय. कांदा, सुरई आणि मागे दुमडलेला पडदा. आई डायनिंग टेबलावरची सुरई हलू देत नाही, आठ दिवस सगळे मांडी घालून खाली जेवताहेत. शास्त्रीय नृत्याचेही मार्क मिळतात, खेळाचेही मिळतात. मग काय, ज्या घरात तबला म्हणजे शेजाऱ्यांना त्रास होता त्या घरात आता विलंबित चाललाय. संस्कृतीची एवढी सेवा संमेलनांनीही केली नसेल.

हसू नका. 2025 च्या निकालात शंभरपैकी चौऱ्याण्णव मुलं पास झाली. नापास होणं अवघड झालंय म्हणा ना! मग ही घालमेल कशासाठी? तर त्याच निकालात 211 मुलांना शंभर टक्के. पैकीच्या पैकी! आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या लातूर विभागातली. झालं, पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये रात्रीत चौकशी सुरू, आपलं लातूरला कुणी आहे का हो? ज्या चुलतआत्याला वीस वर्षांत कुणी दिवाळीचा फोन केला नाही, तिला सकाळी साडेसातला फोन. ‘आत्या, तब्येत कशी आहे? बरं, तुमच्याकडे मुलं उठतात किती वाजता?’

बोर्ड तरी कुठे मागे आहे? 2024 ला दहावी सुरू झाली 1 मार्चला, 2025 ला 21 फेब्रुवारीलाच. बोर्डालाच धीर धरवत नाही, तर वहिनींनी का धरावा? शिवाय 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन. आधी मुंबई-पुण्यासारख्या मोजक्याच शहरांच्या नशिबी असलेला तो ताप आता गावोगाव पोचला. दहा कॉलेजं पसंतीक्रमानं भरायची. दहावीचं पहिलं पुस्तक अजून कोरं करकरीत आहे आणि घरोघरी त्या दहा नावांवरून भांडणं पेटलीत. तिसरं कॉलेज चौथं का केलं म्हणून एक बाबा दोन दिवस हॉलमध्ये झोपला.

पुस्तकांवरून आठवलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकात गेलात? गेला असाल तर अजून तिथेच असाल. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे रांगेत आहेत. पुस्तक, त्याचं गाइड, गाइडातलं ज्याला कळत नाही त्याच्यासाठी डायजेस्ट, शिवाय प्रश्नसंच, अपेक्षित प्रश्नसंच आणि मग अतिअपेक्षित. घरी आल्यावर ब्राउन पेपर, कात्री, खळ. कव्हरं घालतंय कोण? बाबा! पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला विद्यार्थी कानात बोंडं घालून आडवा आहे आणि बाबा जीभ बाहेर काढून कोपरे दुमडताहेत. इकडे एका बाईंनी गेल्या वर्षीच्या पंच्याण्णव टक्केवालीची जुनी पुस्तकं नव्याच्या भावात घेतली म्हणे. हायलाइट केलेल्या ओळींचे पैसे वेगळे.

व्हॉट्सअॅपचं तर बोलूच नये. म्हणून थोडंच बोलते. ‘दहावी अ पालक’ असा एक ग्रुप. मग ‘दहावी अ पालक, बाईंना सोडून’ असा दुसरा. आणि तिसऱ्या ग्रुपमधून दुसऱ्यातल्या एकीला वगळलंय, कारण तिच्या मुलीला नववीत गणितात पैकीच्या पैकी होते आणि तिनं ते कुणी न विचारता सांगितलं.

पण सगळ्यात खमंग बातमी पुढेच आहे. आठवतात ते समोरच्या बंगल्यातले काका? ‘मार्कांत काय आहे, मुलांना फुलू द्या’ म्हणून दर कोजागिरीला आपली आटीव दुधाची मजा घालवणारे? घोका-ओका शिक्षणपद्धतीवर वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहिणारे? नात दहावीत गेली. आता काका तिसऱ्या ग्रुपचे अॅडमिन आहेत! पहाटे पाचला ‘आजचं प्रमेय’ टाकतात. साडेपाचला त्याच्याखाली ‘कुणी सोडवलं?’ आणि सहाला नाराजीची इमोजी. बाटलेला जास्त कडवा म्हणतात ते उगीच नाही.

आपल्याला काय करायचंय म्हणा. आपण आपले बघे. आपल्या घरी कुठे दहावी आहे? आपलं पोर सातवीत. आठवीच्या फाउंडेशनची फक्त चौकशी केलेली बरी, माहिती असलेली वाईट नसते, एवढाच विचार. म्हणून काल सहज त्या गल्लीत वळले, तर रांग थेट डेअरीपर्यंत. आणि रांगेत कोण? अख्खी सोसायटी!

‘अय्या, तुम्ही इकडे कुठे?’

‘काही नाही हो, दूध घ्यायला आले होते. आणि तुम्ही?’

‘आम्हीही दूधच.’

‘बरं, टोकन नंबर किती तुमचा?’