कोअरभाऊ

मुर्री गोंदियाला खेटूनच. या भागात माणसाची ऐपत धानाच्या पोत्यांवरून ठरते, कोअरभाऊंच्या लेखी ती कॉम्प्युटरच्या कोअरवरून ठरते. धंदा लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचा. "काय जी भाऊ, बरं हाय ना?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "बत्तीस कोअर, चौसष्ट थ्रेड!"

एएमडीने २०१९च्या नोव्हेंबरात थ्रेडरिपर ३९७०एक्स हा प्रोसेसर काढला आणि भाऊंची झोप उडाली. त्यासाठी धानाची एक बांधी विकली, असं लोक म्हणतात. भाऊ म्हणतात, गहाण ठेवली. बसवण्याचा सोहळा पाहण्यासारखा होता. सॉकेटला आकडे घातलेले तीन स्क्रू, ते एक-दोन-तीन याच क्रमाने सोबत आलेल्या पान्याने आवळायचे. पुरेसं आवळलं की पाना 'कट्' वाजतो. भाऊंनी आधी नारळ फोडला. तो 'कट्' आता त्यांचा रिंगटोन आहे.

प्रोसेसर २८० वॅटचा आणि उन्हाळा गोंदियाचा. घरातला एकुलता एक कूलर मशीनकडे तोंड करून उभा, वहिनी पदराने वारा घेत ओसरीवर.

रेंडर लावला की टास्क मॅनेजरमधले चौसष्ट चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे मांडले जातात आणि एकेक करून भरतात. भाऊ तेव्हा गिऱ्हाइकाला खुर्ची देतात. एरवी मात्र नवरदेवाच्या मामाचं नाव टाइप करणं हेच काम. त्याला एक कोअर पुरतो, बाकी एकतीस बसून.

१९६७ साली जीन अमडाल यांनी दाखवून दिलं होतं की, कामाचा पाच टक्के भाग वाटूनच देता येत नसेल, तर कोअर कितीही जोडा, वेग वीसपटीपलीकडे जात नाही. हे मी भाऊंना ऐकवलं.

"त्यायच्याकडं किती कोअर होते?"

"तेव्हा? एकच असेल."

"मंग!"

२०२०च्या फेब्रुवारीत चौसष्ट कोअरवाला ३९९०एक्स आला. तेव्हापासून भाऊ दुसऱ्या बांधीकडे बघत असतात आणि वहिनी भाऊंकडे.

मुर्रीला गेलात, तर आपल्या लॅपटॉपचे कोअर सांगू नका, चहा मिळणार नाही. घरात लग्न असेल तर काम मात्र त्यांनाच द्या. पेनड्राइव्ह सांगितलेल्या दिवशी हातात पडतो.