तात्यांची येझदी द्यायची आहे

तात्यांची येझदी गेली चार वर्षं द्यायची आहे. 'विकायची आहे' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "इकत्यात ती म्हस. गाडी द्यायची असती," हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत ऐकावं लागतं, आणि त्यावर जो हसतो तो तिथंच बाद होतो.

कोल्हापुरात असे तात्या पेठेला एक तरी सापडतील. कुणाकडे राजदूत, कुणाकडे आरएक्स. वय साठीच्या आगेमागे, खिशात प्लगपाना, आणि पोराच्या लग्नाची तारीख विसरतील पण गाडीचं इंजिन कधी उघडलं ते सांगतील. आमच्या तात्यांचं वेगळेपण एवढंच, की त्यांची गाडी मातीतली. १९७४ची येझदी, तरुणपणी मोटोक्रॉससाठी सोलून काढलेली. हेडलाइट काढला, साडीगार्ड काढलं, साइड स्टँड काढला, पुढचा मडगार्ड वर उचलला, मागं दात वाढवलेलं स्प्रॉकेट आणि बटण टायर. पुढं संसार लागला आणि गाडी गोठ्यात गेली. वीसेक वर्षं तिच्यावर कडबा होता.

रिटायर झाल्यावर तात्यांनी तिला बाहेर काढली आणि उद्यमनगर गाठलं. जे बाजारात मिळत नाही ते उद्यमनगरात लेथवर होतं, अशी आमच्या गावाची श्रद्धा आहे आणि ती बहुतेक वेळा खरी ठरते. तात्या तिथल्या मिस्त्र्याशेजारी स्टूल टाकून महिनाभर बसले. बुश करून झालं की तळहातावर घेऊन उजेडाकडं धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "अजून केसभर." मिस्त्री पुन्हा लेथ चालू करायचा. शेवटी त्यानं स्टूलच लपवून ठेवलं.

गाडी उभी राहिली, आणि गिऱ्हाइकं यायला लागली.

तात्यांची परीक्षा तोंडी नसते. गाडी अंगणात असते, तात्या झोपाळ्यावर. "बघा की," एवढंच म्हणतात. माणूस गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन वाकून किक शोधायला लागला की तात्यांनी आतल्या आत त्याच्यावर फुली मारलेली असते. येझदीची किक डावीकडे, आणि ती वेगळी नसतेच. गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. हे ज्याला माहीत नाही त्याला चहा मिळतो, गाडी मिळत नाही.

जो डावीकडून येतो त्याला चहाबरोबर पोहेही मिळतात आणि चेकोस्लोव्हाकिया ऐकावा लागतो. म्हैसूरची आयडियल जावा, जावाचं भावकीतलं नाव सीझेड, आणि त्या सीझेडवर बेल्जियमचा जोएल रॉबेर १९६४ साली, अवघ्या २०व्या वर्षी, मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला. "म्हंजे आमच्या गाडीचा चुलता जगज्जेता," असं तात्या संपवतात. नात्याला कुणी शंका काढलेली मी तरी पाहिली नाही. तोवर पोहे संपलेले असतात.

मागच्या दिवाळीत पुण्याचा एक मुलगा आला. अभ्यास करून आलेला. डावीकडून आला! तात्या झोपाळ्यावरून उठले. त्यानं कार्बोरेटरवरचं बटण दाबलं, पेट्रोल बोटाला लागल्यावर सोडलं, दुसऱ्या किकला गाडी सुरू. ऑइलच्या निळ्या धुरात काकूंची तुळस दिसेनाशी झाली. आम्ही गल्लीकरांनी मनातल्या मनात गाडीला निरोप दिला.

आणि त्यानं विचारलं, "काका, ओरिजिनल आहे ना?"

"कंची ओरिजनल? म्हैसूरला निघाली ती, का मातीत पळाली ती?"

मुलानं नियम सांगितला. २०२१पासून पन्नास वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं चालते. पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. आणि नोंद झाली तरी रोज फिरवायची नाही.

"म्हंजे हेडलाइट लावायचा, मडगार्ड खाली घ्यायचा, आणि मग तिला फिरवायची न्हाई," तात्या म्हणाले. "मग गोठ्यात काय वाईट हुती?"

गंमत म्हणजे तो मूळ हेडलाइट माळ्यावर आहे, जुन्या 'पुढारी'त गुंडाळून. तात्यांनी त्याचं नावही काढलं नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. या गाडीचं खरं रूप म्हणजे तिच्यात केलेली मोडतोडच, आणि ती पुसून मिळालेलं सर्टिफिकेट दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं असेल.

भावाचं म्हणाल तर घासाघीस करणारा तात्यांना चिल्लर वाटतो. एक सांगलीकर मात्र सांगितला तो आकडा मान्य करून इसार द्यायला निघाला, तर तात्या रात्रभर झोपले नाहीत. "दर न करता घेणारा मानूस पेट्रोलमधी ऑइल मोजून घालंल व्हय?" सकाळी फोन करून इसार नको म्हणून सांगितलं. काकूंनी चार वर्षांच्या पोह्यांचा हिशेब ठेवलाय. त्यांच्या मते गाडीची किंमत केव्हाच वसूल झाली, फक्त ती त्यांच्याकडून झाली.

एकदा मीच म्हणालो, मला द्या. तात्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "तुज्या पार्किंगला वर पत्रा हाय?" नाही म्हटल्यावर विषय संपला.

नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० भरून, सही करून, प्लास्टिकच्या पिशवीत तयार आहेत. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख तेवढी घालायची राहिलीय. चौकशी करायची असेल तर रविवारी सकाळी दहाच्या आत या, सकाळचं खाऊन येऊ नका. आणि किक डाव्या बाजूला असते.